जनरल मॅनेजर व्हायला येतोयस, त्याआधी

तुझा प्रश्न परवा रात्री वाचला आणि झोप उडाली. वय २६, स्टॅटिस्टिक्सची पदवी, सोबत बायको आणि तीन वर्षांची मुलगी. स्पोर्ट्स मॅनेजमेंटच्या मास्टर्सला अमेरिकेत यायचं आणि पुढे अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे एनएफएलच्या, एखाद्या टीमचा जनरल मॅनेजर (जीएम), म्हणजे कोणते खेळाडू घ्यायचे आणि कोणते सोडायचे हे ठरवणारा माणूस, व्हायचं. हे जमेल का, असं विचारलंयस. वयानं बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. मीही हेच ठरवून आलो होतो. दोन टीमच्या ऑफिसांत मिळून अकरा वर्षं काढली. जीएम झालो नाही.

व्हिसाची फी आणि फॉर्म सरकारी साइटवर आहेत, ते इथे लिहीत बसत नाही. फक्त पदवीचं नाव नीट बघ. स्पोर्ट्स मॅनेजमेंट बहुधा स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांत, धरत नाहीत, स्टॅटिस्टिक्स धरतात. स्टेम असेल तर शिकून झाल्यावर एका वर्षाऐवजी तीन वर्षं काम करता येतं, म्हणजे एच-वनबी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव घालायला जास्त संधी मिळतात. माझं नाव दुसऱ्या वर्षी लागलं आणि वाटलं, सुटलो. मग इमिग्रेशन खात्याचं पत्र आलं: फुटबॉल टीमला या कामासाठी याच विषयाची पदवी लागते हे सिद्ध करा. आमच्या टीमच्या वकिलांना खेळाडूंचे करार तोंडपाठ, पण माझ्यासारख्याची फाइल त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती. शेवटी मी काय काम करतो त्याचे चौदा पानी पुरावे मीच रात्री बसून लिहिले. त्यांनी सही केली. त्या चौदा पानांचा राग अजून गेलेला नाही.

आता मूळ प्रश्न. टीम ३२, म्हणून जीएमच्या जागा ३२, आणि त्यातलीही एक धरू नकोस, कारण डॅलस काउबॉइजमध्ये १९८९ पासून मालक जेरी जोन्स स्वतःच जीएम आहेत. पण वाटा आहेत. हावी रोझमननं टीमना पत्रांवर पत्रं पाठवली, नकार गोळा केले, वकिली शिकला आणि २००० मध्ये फिलाडेल्फिया ईगल्समध्ये इंटर्न म्हणून लागला. २०१० मध्ये जीएम झाला, २०१५ मध्ये त्याच्याकडून खेळाडू निवडायचा अधिकार काढून घेतला, तो परत आला आणि दोन सुपर बोल, म्हणजे एनएफएलच्या फायनल, जिंकला. अँड्र्यू बेरी २००९ मध्ये कोल्ट्स टीममध्ये स्काउटिंग, म्हणजे खेळाडू हेरण्याच्या, विभागात असिस्टंट होता, २०२० मध्ये ३२ व्या वर्षी क्लीव्हलंड ब्राउन्सचा जीएम झाला. क्वेसी अडोफो-मेन्सा तर वॉल स्ट्रीटवरचा ट्रेडर. २०१३ मध्ये फोर्टीनाइनर्स टीमच्या रिसर्च विभागात आला आणि २०२२ मध्ये मिनेसोटा वायकिंग्जचा जीएम झाला. त्याची नेमणूक झाली त्या दिवशी मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत अर्धा तास नुसता बसून होतो. आकडेवारीच्या टेबलावरून ते केबिन गाठता येतं, हे मी इतकी वर्षं घरी सांगत आलो होतो.

काम काय असतं? लोकांना एप्रिलमधला ड्राफ्ट दिसतो, म्हणजे टीमनी पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू निवडणं. ऑफिसात वर्षभर घोळत असते ती सॅलरी कॅप, म्हणजे एका टीमनं वर्षाला खेळाडूंवर करायच्या खर्चाची मर्यादा. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. समज, तू एका खेळाडूला चार वर्षांच्या करारावर २ कोटी डॉलरचा साइनिंग बोनस दिलास. पैसे त्याच्या खात्यात आज गेले, पण कॅपवर दर वर्षी ५० लाख चढतात. दोन वर्षांनी, मार्चमध्ये, त्याला सोडलंस तर उरलेले १ कोटी त्याच वर्षाच्या कॅपवर येऊन बसतात. त्याला डेड मनी म्हणतात. नवा जीएम येतो तेव्हा जुन्याचा डेड मनी त्याच्या उरावर असतो, आणि मालक त्याला तेवढा वेळ देतोच असं नाही.

ऑगस्टमधला कटडाउनचा दिवस मात्र तुला कुठल्याही कोर्समध्ये शिकवणार नाहीत. ९० खेळाडूंचे ५३ करायचे. वगळलेल्यांपैकी १६-१७ जणांना प्रॅक्टिस स्क्वाडवर, म्हणजे सरावाच्या राखीव गटात, परत घेता येतं, बाकीचे घरी. माझ्या पहिल्या ऑगस्टमध्ये मी दाराशी यादी घेऊन उभा होतो. एक लाइनबॅकर (बचाव फळीतला खेळाडू) आला, बावीसेक वर्षांचा, प्लेबुकचा, म्हणजे टीमच्या डावपेचांचा, आयपॅड माझ्या हातात दिला आणि विचारलं, "चार्जर पण द्यायचा का?" त्याला वगळण्याच्या बाजूनं जो तक्ता होता, तो मीच केला होता. मी म्हटलं, राहू दे. तो चार्जर टीमचा होता, मला तो अधिकार नव्हता.

पाच वर्षांनी माझी पाळी आली. मालकानं सीझनच्या शेवटच्या मॅचनंतरच्या सोमवारी जीएमला काढलं. नवा जीएम आपली माणसं घेऊन येतो, ही इथली रीतच आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथला माणूस नोकरी गेली तर घरी बसून फोन फिरवतो. एच-वनबीवाल्याला साठ दिवस, तेवढ्यात नवी नोकरी नाही मिळाली तर देश सोडायची वेळ. मला एक्कावन्नाव्या दिवशी दुसऱ्या टीमचं पत्र आलं, अकराशे मैल दूर.

मुलगा चौथीत होता, वर्षाच्या मधोमध. नव्या शाळेच्या फॉर्मवर प्रश्न होता, घरी कोणती भाषा बोलता? मी अभिमानानं मराठी लिहिलं. पोरगा इथंच जन्मलेला, इंग्रजी पाण्यासारखं. पण नव्या जागी बुजला, चाचणीत तोंडच उघडलं नाही. त्यांनी त्याला इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या तासाला बसवलं. मी चार वेळा जाऊन बोललो, पण मेपर्यंत तो तिथंच होता. त्यानंतर शाळेच्या दाराशी मी हाक मारली की तो खालच्या आवाजात म्हणायचा, "बाबा, इथे इंग्लिश." आता तो पंधराचा आहे. मी मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो. तो फॉर्म मी खेळाडूंच्या करारासारखा चारदा वाचायला हवा होता.

एकटेपणाचं विचारलंयस. असतो. सीझन सुरू झाला की आठवत नाही.

दोन वर्षांपूर्वी मला तिसऱ्या एका टीमनं प्रो स्काउटिंगमध्ये, म्हणजे व्यावसायिक खेळाडूंची पारख करणाऱ्या विभागात, वरची जागा देऊ केली होती. जीएमच्या केबिनपासून दोन पायऱ्या खाली. मुलाची पुन्हा शाळा बदलावी लागली असती, म्हणून नाही म्हटलं. बायको म्हणाली, जा, आम्ही येतो. तरी नाही म्हटलं. मुलासाठी की आणखी एका सोमवारच्या भीतीनं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुझी मुलगी तीनच वर्षांची आहे म्हणून हे आत्ता लिहितोय. पहिली दहा वर्षं पगार बेताचा आणि गावं तुझ्या हातात नाहीत, हे बायकोशी आजच बोल.

यायचं ठरवलंस तर मास्टर्सची वाट बघू नकोस. एनएफएल दरवर्षी बिग डेटा बोल नावाची स्पर्धा घेतं, खेळाडूंच्या हालचालींचा खरा डेटा सगळ्यांना खुला असतो आणि त्यातून लोकांना टीममध्ये नोकऱ्या लागल्या आहेत. त्यात उतर. आणि कॉलेजच्या तीन खेळाडूंवर एकेक पानाचा रिपोर्ट लिहून मला पाठव. एक पहिल्या राउंडचा, एक सहाव्याचा, आणि एक ज्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. तिसरा मी आधी वाचेन.