केटामीन देताना नर्स काय करते?

प्रश्न : औषधं बदलून पाहिली, तरी ताईचं नैराश्य हटत नाही. डॉक्टरांनी आता शिरेतून केटामीन सुचवलंय. ते तर भुलीचं औषध ना? ती घाबरलीय, आणि मीही.

उत्तर : हो, भुलीचंच. १९७० पासून वापरात आहे. नैराश्यासाठी मात्रा बरीच कमी असते : साधारण किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, ४० मिनिटांत हळूहळू.

मी नर्स प्रॅक्टिशनर आहे, म्हणजे जादा शिक्षण घेऊन तपासणी-उपचारही करणारी नर्स. आधी रक्तदाब बघते, कारण केटामीनने तो चढतो. आधीच आटोक्यात नसेल तर त्या दिवशी सलाइन लावत नाही. पेशंट चिडला तरी चालेल. भास, व्यसन, गरोदरपण, सगळं विचारते. ताईंनी लपवू नये.

मग सांगून ठेवते, ‘हात आपले नाहीतसं वाटेल, छत लांब गेल्यासारखं दिसेल. वेड लागत नाहीये. औषध उतरलं की जाईल.’ घाबरल्यास हात धरलेला चालेल का, हेही आधीच विचारते. गुंगीत विचारून काय उपयोग? दिवा मंद, फोन बंद, आणि मीही गप्प. (बडबड्या नर्सचं इथे काम नाही.) अधूनमधून रक्तदाब, ऑक्सिजन तेवढं बघते.

नंतर मळमळतं, तोल जातो. न्यायला तुम्ही या. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना गाडी चालवू देऊ नका. चालू गोळ्या डॉक्टरांना न विचारता थांबवू नका. काहींना दिवसभरात हलकं वाटतं, पण ते ओसरू शकतं, म्हणून पुन्हा द्यावं लागतं. मधेच जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टरांना गाठा.