आयबी डिप्लोमा म्हणजे नेमके काय आणि खानदेशातील मुलीने तो निवडावा का?

आपण विचारले आहे की, चोपड्यात राहणारी आणि यंदा दहावीत असलेली आपली मुलगी अकरावी-बारावीसाठी पुण्यातील एका निवासी शाळेत आयबी डिप्लोमा घेऊ इच्छिते. तर हा अभ्यासक्रम काय आहे, तो इतका अवघड का मानतात आणि त्यानंतर भारतात प्रवेश मिळतो का. मी मूळची अमळनेरची असून पुण्याजवळच्या एका शाळेत याच अभ्यासक्रमाचे रसायनशास्त्र शिकवते. नातेवाईक आणि परिचित हा प्रश्न मला वारंवार विचारतात, आणि बहुतेकांना आधी जाणून घ्यायचे असते की हे मुलांना झेपेल का. माझ्या मते त्याच्याही आधी बारावीनंतर कुठे जायचे आहे ते घरात स्पष्ट व्हायला हवे, कारण अकरावीच्या सुरुवातीला निवडलेले विषय पुढचे बरेचसे प्रवेश ठरवून टाकतात.

आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) ही १९६८ मध्ये जिनिव्हा येथे स्थापन झालेली, नफा न कमावणारी संस्था आहे. तिचा डिप्लोमा १६ ते १९ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी दोन वर्षांचा असतो. भारतात तो नवा नाही. कोडाईकनालच्या आंतरराष्ट्रीय शाळेत तो १९७० च्या दशकापासून शिकवला जातो. विद्यार्थी सहा विषय घेतो : एक भाषा साहित्यासह, दुसरी एक भाषा, इतिहास-अर्थशास्त्र-भूगोल यांसारखा एक सामाजिक विषय, एक विज्ञान, गणित आणि एक कला. कलेऐवजी दुसरे विज्ञान किंवा दुसरा सामाजिक विषय घेता येतो. सहापैकी साधारणपणे तीन विषय वरच्या पातळीवर म्हणजे हायर लेव्हलला घ्यावे लागतात, ज्यांसाठी प्रत्येकी २४० तासांचे अध्यापन अपेक्षित असते. उरलेल्या स्टँडर्ड लेव्हलच्या विषयांसाठी १५० तास. प्रत्येक विषयाला ७ पैकी गुण मिळतात, म्हणजे एकूण ४२, आणि प्रबंध व ‘थिअरी ऑफ नॉलेज’ (ज्ञानाच्या आधारांविषयीचा भाग; दोन्हींविषयी पुढे सांगते) यांचे मिळून आणखी ३, असे कमाल ४५ गुण होतात. डिप्लोमासाठी किमान २४ गुण लागतात आणि त्याशिवाय इतरही अटी असतात. उदाहरणार्थ, एखाद्या विषयात १ गुण मिळाला किंवा प्रबंधाला सर्वांत खालची श्रेणी मिळाली, तर बेरीज चांगली असूनही डिप्लोमा मिळत नाही. टक्केवारीच्या सवयीमुळे पालक ४५ पैकी ३४ गुण पाहून खट्टू होतात, पण जगभरातील सरासरी ३० च्या आसपास असते, हे ध्यानात ठेवावे.

आता अवघडपणाविषयी. आशय बारावीच्या मानाने फार पुढचा असतो असे नाही. रसायनशास्त्राचे कित्येक घटक आपल्या बोर्डाच्या पुस्तकात तितक्याच खोलीने आहेत. खरा ताण दोन वर्षे सतत चालणाऱ्या लेखी कामाचा असतो. विज्ञानाच्या प्रत्येक विषयात विद्यार्थ्याने स्वतः प्रश्न ठरवून, प्रयोग आखून, कमाल ३००० शब्दांचा अहवाल द्यायचा असतो आणि विषयाचे २० टक्के गुण त्यावर असतात. गणितातही स्वतः निवडलेल्या विषयावर लेखन असते. ही कामे शाळेत तपासली जातात, मात्र त्यांचे नमुने बाहेरच्या परीक्षकांकडे जातात आणि शाळेने सढळ हाताने दिलेले गुण तिथे खाली येतात. परीक्षेतही पूर्वी न पाहिलेली माहिती किंवा आलेख देऊन त्यावर विचार करायला सांगतात, त्यामुळे प्रश्नसंच पाठ करून आलेली हुशार मुले पहिल्या सत्रात गोंधळतात. दहावीला ९५ टक्के मिळवलेल्या मुलांच्या पहिल्या चाचणीत ७ पैकी ४ येतात, तेव्हा घरच्यांनी धीर धरणे फार आवश्यक असते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ४००० शब्दांचा प्रबंध. विद्यार्थी एका विषयातील एक नेमका प्रश्न निवडतो आणि साधारण ४० तास त्यावर काम करतो. मार्गदर्शक शिक्षक काही तासच देतात. खानदेशातील मुलांकडे यासाठी जे आहे, ते मुंबईतील मुलांकडे नाही, हे मी अगदी मनापासून सांगते. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर शेकडो वर्षे चालत आलेली सिंचनाची फड पद्धत घ्या. नदीवर बंधारा, तिथून निघालेला पाट, गावाची जमीन फडांत विभागलेली, कोणत्या फडात कोणते पीक घ्यायचे हे सर्वांनी मिळून ठरवायचे आणि पाणी सोडायला पाटकरी. ‘खानदेशातील सिंचन’ हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही, कारण तो फार पसरट आहे. पण ‘पांझराकाठच्या अमुक गावात विहिरी आणि वीजपंप वाढल्यानंतर फडातील पाणीवाटपाचे नियम कितपत टिकले’ हा भूगोलाचा उत्तम प्रश्न होईल. त्यासाठी वृद्ध शेतकऱ्यांशी बोलावे लागेल, नकाशे आणि सरकारी नोंदी पाहाव्या लागतील आणि मिळालेल्या माहितीतील विसंगती प्रामाणिकपणे मांडावी लागेल. जीवशास्त्र घेणाऱ्या मुलीला रावेर-यावलच्या केळीवरील करपा किंवा जळगावच्या भरताच्या वांग्याची वाणे यांतून असाच नेमका प्रश्न शोधता येईल. अहिराणी बोलणाऱ्या मुलीला गावातील आजीबाईंची मुलाखत घेण्यासाठी दुभाष्या लागत नाही, ही मोठी अनुकूलता आहे. मात्र कोणाचे लेखन किंवा संगणकाने तयार केलेला मजकूर स्वतःचा म्हणून दिल्याचे सिद्ध झाले, तर त्या कामाचे गुण जातात आणि त्यापायी डिप्लोमाही जाऊ शकतो. शिकवणीच्या नोट्स जशाच्या तशा उतरवण्याची सवय असेल, तर ती आधी मोडावी लागेल.

थिअरी ऑफ नॉलेजमध्ये आपल्याला एखादी गोष्ट कळली असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो, याचा विचार असतो. आपल्याकडे काही घरांत आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घागरीखाली ठेवलेल्या चार ढेकळांपैकी कोणते भिजले यावरून पावसाच्या चार महिन्यांचा अंदाज बांधतात, आणि हवामान खातेही अंदाज देते. दोन्ही ठिकाणी पुरावा कशाला म्हणायचे आणि अंदाज चुकला तर काय तपासायचे, अशा स्वरूपाची चर्चा तिथे होते. यात १६०० शब्दांचा निबंध आणि एक छोटे प्रदर्शन असते. याशिवाय सर्जनशीलता, शारीरिक उपक्रम आणि सेवा यांचा किमान १८ महिने चालणारा भाग असतो. त्याला गुण नाहीत, पण तो पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा नाही.

मराठीचे काय, हेही आपण विचारले आहे. साहित्याची भाषा म्हणून मराठीची मागणी शाळेमार्फत पुष्कळ आधी नोंदवावी लागते, आणि शिक्षक नसल्यास विद्यार्थ्याने शाळेच्या देखरेखीखाली स्वयंअध्ययनाने ती स्टँडर्ड लेव्हलला करायची असते. बहुतेक शाळा इंग्रजी साहित्य आणि दुसरी भाषा हिंदी किंवा फ्रेंच हा सोपा मार्ग सुचवतात. मुलीचे मराठी वाचन चांगले असेल, तर आग्रह धरून विचारावे.

भारतातील प्रवेशाबाबत असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज आयबी डिप्लोमा बारावीशी समकक्ष मानते, म्हणून मान्यतेची चिंता नको. अडचण विषयांची आणि वेळेची आहे. मुलीला डॉक्टर व्हायचे असेल, तर नीटसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र तिन्ही लागतात. आयबीच्या नेहमीच्या रचनेत मात्र दोनच विज्ञाने बसतात आणि तिसऱ्यासाठी शाळेला खास परवानगी काढावी लागते. शिवाय नीट आणि जेईई यांचा अभ्यास एनसीईआरटीच्या पुस्तकांभोवती असतो, म्हणून तो सगळा वेगळा करावा लागतो. अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित एकत्र घेता येतात. गणितात ‘अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस’ हा प्रकार हायर लेव्हलला घ्यावा. मे महिन्याच्या परीक्षेचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो, तोवर इथल्या काही प्रवेशप्रक्रिया पुढे गेलेल्या असतात. म्हणून नीट किंवा जेईई हेच ध्येय असेल, तर मी आपल्याला आयबी घेऊ नका असेच सांगेन. जळगावातच सीबीएसई किंवा राज्य मंडळातून बारावी करणे तिच्या हिताचे आहे. परदेशातील पदवी, भारतातील उदारमतवादी शिक्षण देणारी खासगी विद्यापीठे किंवा समाजशास्त्र, अर्थशास्त्र, पर्यावरण यांकडे तिचा ओढा असेल आणि ती स्वतःहून वाचत-लिहीत असेल, तर हा अभ्यासक्रम तिला पुष्कळ काही देईल.

खर्च मात्र मोठा आहे. निवासी शाळांचे शुल्क वर्षाला अनेक लाखांच्या घरात जाते आणि विषयागणिक परीक्षा शुल्क वेगळे असते. मुळशीतील महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये हाच डिप्लोमा शिकवतात आणि तिथे निवड झालेल्यांना घरच्या परिस्थितीनुसार आर्थिक साहाय्य मिळू शकते. अर्जाची मुदत प्रवेशाच्या आदल्या वर्षीच संपते, म्हणून चौकशी आताच करावी.

शाळा पाहायला जाल तेव्हा ती डिप्लोमासाठी अधिकृत आहे की केवळ उमेदवार (अजून मान्यता न मिळालेली), हे आयबीच्या संकेतस्थळावरील यादीत पडताळून पाहा, कारण ‘आयबी पद्धतीचे शिक्षण’ अशी जाहिरात करणाऱ्या प्रत्येक शाळेला डिप्लोमा देता येत नाही. मागील तुकड्यांचे सर्वोच्च गुण सांगतील. आपण सरासरी गुण आणि डिप्लोमा न मिळालेल्यांची संख्या विचारा. मुलीला हवे असलेले सहा विषय त्याच पातळीवर आणि एकाच वेळापत्रकात बसतात, हे अनामत रक्कम भरण्यापूर्वी लेखी घ्या.