नदीकाठी फ्लॅट, वर्कशॉप की तालमीची खोली? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सांगलीच्या कृष्णा नदीकाठाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि टेबलावर पत्रांचा ढीग लागला. सगळी छापणं शक्य नाही, चार घेतोय. मी आर्किटेक्ट आहे, राहतो इथंच, त्यामुळं मतं माझी आहेत, पटली नाहीत तर भांडा.

प्रश्न : आमचा जुना वाडा गावभागात आहे, घाट पाच मिनिटांवर. एक बिल्डर येऊन गेला, खाली दुकानं, वर फ्लॅट, रिव्हर व्ह्यू वगैरे. शेजारच्यांनी हो म्हटलंय. मला विचारायचंय की नदीकाठी घरं किती, धंदा किती, बागबगीचा-नाटकबिटक किती, असं काही टक्क्यांचं गणित असतं का? – एक गृहिणी, गावभाग

ताई, गणित मांडता येतं हो, पण ते टिकवणं अवघड. मुंबईच्या गिरण्यांचंच बघा, 1991 च्या नियमात जमिनीचे सरळ तीन वाटे होते, एक मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. ऐकायला किती छान! मग 2001 मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या रिकाम्या जमिनीची, शेड उभ्या आहेत तेवढी जागा त्यातून बाहेर, आणि गिरणीत रिकामी जमीन असते किती? 2006 ला सुप्रीम कोर्टानंही तो बदल उचलून धरला. म्हणजे तिसरा हिस्सा कागदावर तसाच राहिला, फक्त कशाचा तिसरा हे बदललं.

म्हणून मी म्हणतो टक्के नंतर, आधी पाण्याला विचारा. आपल्याकडं आयर्विन पुलाजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी आणि 2019 ला पाणी गेलं साडेसत्तावन्न फुटांवर. त्या वेळी आम्ही मारुती चौकाच्या मागं राहायचो, वडिलांनी फ्रीज लाकडी टेबलावर चढवला आणि निर्धास्त झाले, पाणी घरात शिरलं आणि टेबलच तरंगलं की वो, फ्रीज आडवा. भिंतीवरचा तो मातकट पट्टा दोन वेळा रंग दिला तरी पावसाळ्यात ओल धरून परत दिसायचा.

पूररेषेच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येईल असा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. लोकांना वाटतं 2019 ला आला, आता आपल्या हयातीत काळजी नाही, पण तसा त्याचा अर्थ नाही, निळ्या रेषेचा अर्थ दर वर्षी 4 टक्के शक्यता आणि लाल रेषेचा 1 टक्का, मागच्या वर्षी येऊन गेला म्हणून यंदाची शक्यता कमी होत नाही, आणि 2019 नंतर 2021 ला आपण परत सामान माळ्यावर चढवलंच ना! निळ्याच्या आत नव्या बांधकामाला मनाई, जुनं अधिकृत असेल तर अटींवर पुनर्विकासाची वाट असते, निळ्या-लालच्या मध्ये बांधता येतं पण तिथंही अटी.

तर बिल्डरला आधी विचारा, आमचा प्लॉट कुठल्या रेषेत, ते लेखी दाखव. मग विचारा मीटर रूम कुठं, लिफ्टचं पॅनल कुठं, पाण्याची खालची टाकी कुठं. व्ह्यू सगळे दाखवतात, मीटर रूम कुणी दाखवत नाही. पूर ओसरल्यावर घर वर कोरडं असूनही अंधारात बसलेली माणसं मी बघितलीत, कारण मीटर पार्किंगमध्ये.

जर्मनीत हॅम्बुर्गला जुन्या बंदराच्या जागी हाफेनसिटी वसवली, ती पुराच्या बांधाच्या बाहेर आहे, म्हणजे पाणी येणार हे धरूनच बांधलीय. इमारती समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंच ओट्यांवर, ओट्याच्या पोटात पार्किंग, पूर आला की दारं बंद. आपल्याला तेवढा खर्च झेपणार नाही, पण खालचा मजला पाण्याचा हे मान्य करायला पैसे लागत नाहीत. आणि ते मान्य केलं की तुमचं गणित आपोआप सुटायला लागतं, खाली जे एका दिवसात उचलता येतं तेच, झोपायच्या खोल्या आणि म्हाताऱ्यांचे पलंग वर. घरं किती, हे सगळ्यात शेवटी ठरवा, कारण एकदा माणसं राहायला आली की बाकीच्यांना हलवायला लागतात. ते पुढच्या प्रश्नात येतंयच.

प्रश्न : वडिलांच्या वेळेपासून आमचं लेथचं वर्कशॉप आहे, पत्र्याची शेड. शेजारी अपार्टमेंट झालं आणि आता रोज आवाजाच्या तक्रारी, सोसायटीवाले म्हणतात एमआयडीसीत जा. आधी आम्ही होतो, मग आम्हीच का जायचं? – एक वर्कशॉपवाले, सांगली

दादा, तुमच्या बाजूनं आहे मी. इंग्लंडात 2018 पासून राष्ट्रीय नियोजन धोरणातच हे आलंय, जो नवीन येतो त्यानं आवाजाचा बंदोबस्त करायचा, म्हणजे जुन्या वर्कशॉपशेजारी किंवा गाण्याच्या हॉलशेजारी फ्लॅट बांधायचे तर दुहेरी काचा, जाड भिंती, बेडरूम पलीकडच्या बाजूला, हा खर्च बिल्डरचा. आपल्याकडं असं कुणी बिल्डरवर टाकत नाही, आणि रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, ती आधी आलेल्यालाही लागू. म्हणून रात्रीची पाळी बंद करा, लेथखाली रबर पॅड टाका, सोसायटीच्या बाजूच्या पत्र्याला आतून भिंत घाला. आणि नवीन प्लॅन पास होत असतानाच हरकत नोंदवा, बिल्डिंग उभी राहिल्यावर कुणी ऐकत नाही.

कॅनडात व्हँकुव्हरला ग्रॅनव्हिल आयलंड म्हणून जागा आहे, शहराच्या मधोमध, पाण्याला लागून, पूर्वी नुसते कारखाने. 1979 ला तिथं भाजी-मासळीचा मोठा बाजार सुरू झाला, नाटकाची थिएटरं आली, कलाकारांचे स्टुडिओ आले, आणि या सगळ्याच्या शेजारी काँक्रीटचा कारखाना अजून चालू आहे, त्याचे ट्रक बाजारातल्या गर्दीतनं ये-जा करतात! हे जमलं कसं, तर जमीन सरकारी, विकली नाही, भाड्यानं दिली. आणि बेटावर थोडी तरंगती घरं सोडली तर राहायला कुणी नाही, त्यामुळं रात्री अकराला फोन करून ट्रकची तक्रार करणारंही कुणी नाही.

पुराचं तुम्हाला सांगायला नको. मोटर आणि पॅनल बोल्ट काढून वर घेता येतील असे बसवा, लेथचा बेड पाण्यात गेला तर गाळ धुऊन ऑइल मारून वाचतो, मोटर नाही वाचत. हळदीच्या गोडाऊनवाल्यांना मात्र मी खाली राहा म्हणणार नाही, हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, 2005 च्या पुरात पाणी शिरलं ते सगळ्यांनी बघितलंय.

प्रश्न : साबरमतीसारखी भिंत बांधून मस्त रिव्हरफ्रंट का करत नाहीत आपल्याकडं? – कॉलेज विद्यार्थी, विश्रामबाग

कारण अहमदाबादला रिव्हरफ्रंटवर दिसतं ते पाणी बरंचसं नर्मदा कालव्यातून सोडलेलं, वासणा बॅरेजला अडवलेलं. आपली कृष्णा उन्हाळ्यात दगड दाखवते आणि ऑगस्टमध्ये पूल गाठते. इकडं भिंत घातली तर पाणी पलीकडच्या काठावर सांगलवाडीत जाईल. तिथल्या पोरांनीही उद्या हाच प्रश्न विचारला तर?

प्रश्न : आमचा हौशी नाटकाचा ग्रुप आहे, तालमीला जागा नाही, मंगल कार्यालयवाले सीझनमध्ये बाहेर काढतात. नदीकाठी भव्य सांस्कृतिक भवन व्हावं असं निवेदन द्यायचंय, मुद्दे सुचवा. – नाट्यवेडे, सांगली

भव्य हा शब्द आधी काढा. विष्णुदास भावेंनी 1843 ला सांगलीत सीतास्वयंवर केलं त्या गावात तालमीला जागा नाही हे लाजिरवाणं आहे, मान्य, पण भवन म्हटलं की एसी येतो, एसी आला की भाडं वाढतं, मग तिथं सेलच्या साड्या आणि लग्नाची रिसेप्शनं, आणि तुम्ही परत कुणाच्या तरी गच्चीवर. नाटकाला नाट्यमंदिर आहे. नाही ती खोली, वीस बाय तीस फुटांची, खांब नसलेली, तासावर मिळणारी, आणि रात्री अकरापर्यंत किल्ली ज्याच्याकडं असते असा एक माणूस.

ती वर्कशॉपच्या ओळीतच मागा, फ्लॅटखाली नको. संध्याकाळी लेथ बंद होतात तेव्हा तुमची तालीम सुरू होते, कुणाचं कुणाला काही नाही. आणि घाटाचं निवेदनात वेगळं लिहा, तिथं होड्यांच्या शर्यती होतात, विसर्जन होतं, दहावे होतात, पोरं पोहायला शिकतात, त्याला सांस्कृतिक म्हणून कुणी बोर्ड लावत नाही म्हणून सुशोभीकरणात पहिल्यांदा त्याच पायऱ्यांवर रेलिंग येतं. पायऱ्या मोकळ्या ठेवा एवढंच लिहा.

खोलीला फरशी शहाबादी, प्लायवुड कुठंही नको, वर लोखंडी माळा, सेट आणि कपडे तिथं. पुलाजवळ पाणी 35 फुटांवर गेलं की दिवे आणि स्पीकर काढून न्यायचे, हे दारावरच पेंटनं लिहून टाका.