आकाश तेवढं राहिलंय

चि. पोरीस अनेक आशीर्वाद,

तुझ्या कॅनव्हासवरच्या लोकरीच्या भरतकामाचे फोटो मिळाले. ॲरिझोनातले रिंकनचे डोंगर झालेत, पायथ्याचे सग्वारो, म्हणजे ते उंच निवडुंग, झालेत, पालो वेर्देची पिवळी झाडं तर फारच छान उतरली आहेत. वरचं आकाश तेवढं कोरं. ‘आता सुई हातात घ्यावीशी वाटत नाही’ म्हणतेस, ते पटलं. मजेचा भाग संपला आणि एका रंगाचं रटाळ काम उरलं. पण मला आणखी एक शंका आहे. त्या डोंगरांजवळचं टूसान सोडून सिॲटलला गेल्यापासून तू हे मुद्दाम रेंगाळत ठेवलं आहेस. काम संपलं की वाळवंटाशी असलेला शेवटचा धागा तुटेल, असं काहीतरी तुझ्या मनात बसलंय. तसं काही होत नसतं. संपवून टाक.

आकाशाला आतापर्यंतचा साधा आडव्या ओळींचा टाका घालू नकोस. एवढ्या मोठ्या भागात तो कॅनव्हास ओढून तिरका करतो. बास्केटवीव्ह घाल, म्हणजे तिरप्या ओळी, एक वरून खाली, पुढची खालून वर. तुझा कॅनव्हास साध्या विणीचा आहे. डोळ्यांजवळ धरून बघ, जिथे दोन धागे एकमेकांना ओलांडतात तिथे कधी उभा धागा वर असतो, कधी आडवा. उभा वर दिसला तर ती ओळ खाली उतरायची, आडवा दिसला तर वर चढायची. लागोपाठ दोन ओळी एकाच दिशेने गेल्या तर तिथे बारीकशी रेघ उमटते आणि एकदा दिसली की मग तीच दिसत राहते. म्हणून काम थांबवताना ओळ अर्ध्यात सोडून ऊठ. परत बसशील तेव्हा कुठल्या दिशेने चालली होतीस ते लगेच कळेल.

सगळं आकाश एका निळ्यात भरू नकोस. तिथलं आकाश डोंगरमाथ्याशी फिकट असतं आणि वर जावं तसं गडद होतं, हे तुला मी काय सांगायचं! पर्शियन लोकरीचे तीन पदर सुटे होतात. खाली तिन्ही पदर फिकट घे, मग दोन फिकट नि एक गडद, मग एक फिकट नि दोन गडद. निळी लोकर संपली आणि नव्या लडीचा लॉट, म्हणजे रंगवण्याची खेप, वेगळा निघाला, तरी याच पद्धतीने जुनी-नवी मिसळता येते. दोरा 45 सेंमीपेक्षा लांब घेऊ नकोस, कॅनव्हासमधून सारखा ओढला गेला की लोकर झिजून विरळ होते. आणि ओकोटियोच्या काटेरी झुडपाच्या लाल तुऱ्यांचा दोरा पाठीमागून आकाशाखालून ओढत नेऊ नकोस. फिकट निळ्यातून लाल तूस वर येतं. कापायचा आणि नव्याने सुरू करायचा.

आता जरा खोडी काढते. डावीकडच्या कमरेएवढ्या सग्वारोला तू दोन फांद्या दिल्या आहेस. त्या उसव. सग्वारोला पहिली फांदी फुटायलाच साधारण 50 ते 75 वर्षं लागतात, तोवर तो माणसापेक्षा कितीतरी उंच झालेला असतो. मोठ्या सग्वारोवरचं सुतारपक्ष्याचं भोकही फार मोठं झालंय. इंचाला 13 भोकांच्या कॅनव्हासवर एक टाका जेमतेम 2 मिलिमीटरचा, तिथे गडद तपकिरी एकच टाका पुरे. संध्याकाळचं ऊन मागून आलं की काट्यांची कड सोनेरी दिसते ना, ती मात्र राहिली आहे. फिकट पिवळ्याचा एक पदर उन्हाच्या बाजूने फिरव. एवढं झालं की त्या झाडांना हात लावायचा नाही. कडेने नागमोडी ‘साउथवेस्ट’ नक्षीची पट्टीही नको. ती तिथल्या मूळनिवासी नवाहो विणकरांच्या कामात शोभते, आपण चिकटवली की हॉटेलचा गालिचा वाटतो.

शेवटचा टाका घातलास की कॅनव्हास खिडकीशी धर. राहून गेलेले टाके उजेडाच्या ठिपक्यांसारखे दिसतात. मग पांढरं ओलं फडकं प्रत्येक रंगावर दाबून बघ. रंग लागत नसेल तरच कापड ओलसर करायचं. पाटावर चौकोन आखून घे आणि त्यावर कापड ताण. गंज न चढणाऱ्या टाचण्या कडेच्या कोऱ्या पट्टीत मार, टाक्यांमध्ये नाही. प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरू करून कोपऱ्यांकडे जा. टूसानला हे रातोरात वाळलं असतं, तुझ्याकडच्या पावसाळी हवेत घाई करू नकोस. पुरतं वाळायच्या आत टाचण्या काढल्यास तर कापड पुन्हा तिरकं होईल. इस्त्री तर अजिबात नको, टाके चपटे होतात.

याची उशी करायचा विचार सोड. उशीला लोक रेलतात, तिच्यावर बसतातही. फ्रेमच कर, पण रुखवतातल्या फ्रेमांसारखी नको. आपल्याकडे मॅटीवरचं सुंदर भरतकाम पुठ्ठ्याला गोंदाने चिकटवतात, काच थेट त्यावर दाबून बसवतात आणि काही वर्षांत सगळं पिवळं पडतं. ॲसिड-फ्री पुठ्ठा माग, कापडाच्या कडा मागच्या बाजूला दोऱ्याने आवळून शिव, काच लावायचीच तर मध्ये मोकळी जागा ठेवायला सांग. लावशील तिथे ऊन थेट येऊ देऊ नकोस.

खालच्या कोपऱ्यात, वाळूच्याच रंगाच्या एका छटेत, तुझी आद्याक्षरं आणि साल घालायला जागा ठेवली आहेस का, ते फोटोत दिसलं नाही. नसेल तर आत्ताच आखून घे. आणि निळ्या लडीच्या कागदपट्टीचा फोटो पाठव, त्याच लॉटची लोकर इथे मिळते का ते या आठवड्यात बघते.

तुझी,
मावशी