धाप लागेपर्यंत, पण किती वेळ?

वाचकांचे प्रश्न : जोरकस व्यायाम

थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू, पुन्हा जोरात. जिममध्ये याला ‘हिट’ म्हणतात. पुण्यातल्या वाचकांनी याविषयी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : वय ४२, बाणेर. आयटीत नोकरी, दिवसभर बसून काम. गेली काही वर्षं रोज ४५ मिनिटं चालतो. तरी ऑफिसचे तीन मजले चढले की धाप लागते, आणि वजनही हलत नाही. मित्र म्हणतो, चालणं सोड आणि हिट कर. फरक पडेल का?

धापेत पडेल, वजनात फारसा नाही. आणि चालणं सोडू नका.

त्याच रस्त्यावर त्याच वेगानं रोज चाललं की शरीर तेवढ्या कामापुरतं तयार होतं आणि तिथंच थांबतं. जोराच्या व्यायामात हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलावं लागतं, हळूहळू ते त्याला जमू लागतं. स्नायूंच्या पेशींतले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढतात, त्यामुळे पोचलेला ऑक्सिजन वापरलाही जातो. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची ही कमाल क्षमता म्हणजे व्हीओटू मॅक्स. ती वयाबरोबर उतरते, आणि ज्यांची कमी असते त्यांच्यात हृदयविकाराचं आणि अकाली मृत्यूचं प्रमाण जास्त आढळतं. रक्तदाब आणि इन्सुलिनचा परिणाम या दोन्ही गोष्टीही सुधारतात. पण जिन्यावरचा फरक तुम्हाला सगळ्यांत आधी जाणवेल.

तुमच्यासाठी नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी वापरलेली ‘चार गुणिले चार’ पद्धत योग्य वाटते. २००७च्या त्यांच्या एका प्रयोगात निरोगी तरुणांनी आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे हा व्यायाम केला, तेव्हा व्हीओटू मॅक्स सुमारे ७ टक्के वाढला. एकूण तेवढंच काम सावकाश धावून करणाऱ्यांत म्हणावा असा फरक दिसला नाही.

करायचं असं. आधी १० मिनिटं चालत अंग तापवा, शेवटची दोन मिनिटं जरा झपाझप. मग ४ मिनिटं जोर, ३ मिनिटं सावकाश चालणं, अशा चार फेऱ्या. शेवटच्या जोरानंतर ५ मिनिटं हळू चाला. सगळं मिळून ४० मिनिटं होतात. पहिले दोन आठवडे दोनच फेऱ्या, पुढचे दोन आठवडे तीन, पाचव्या आठवड्यापासून चार. आठवड्यातून दोनदा पुरे, मध्ये किमान ४८ तास जाऊ द्या. बाकीच्या दिवशी तुमचं नेहमीचं चालणं.

जोर म्हणजे किती? २०८ वजा वयाच्या ०.७ पट, ही कमाल नाडी. तुमच्या वयाला ती १७९च्या आसपास येते. तिच्या ८५ ते ९५ टक्के, म्हणजे मिनिटाला १५२ ते १७० ठोके. मात्र हे सूत्र सरासरीचं आहे, एखाद्याच्या बाबतीत ते दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. म्हणून दमाकडेही लक्ष ठेवा. जोर चालू असताना सलग दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येऊ नये. गप्पा होत असतील तर जोर कमी पडतोय, आणि एक शब्दही फुटत नसेल तर जास्त झालाय.

बहुतेकांची फसगत पहिल्याच फेरीत होते. घड्याळात १५२ दिसेपर्यंत माणूस ऊर फुटेस्तोवर धावतो, कारण आकडा चढायला दीड-दोन मिनिटं लागतात. मनगटावरचं घड्याळ तर त्याहून मागे असतं, आणि पट्टा सैल असेल तर काहीही दाखवतं. मग तिसऱ्या फेरीत पायातलं बळ जातं. पहिली फेरी मुद्दाम थोडी हातची राखून करा. चारही फेऱ्यांत साधारण सारखंच अंतर कापलं गेलं, तर वेग बरोबर बसला.

टेकडीवर करणार असाल तर सलग चार मिनिटांचा चढ शोधा. लहान चढावर वर-खाली केलं की प्रत्येक उतारावर नाडी खाली येते आणि फेरी वाया जाते. असा चढ नसेल तर ट्रेडमिलवर ८ ते १० टक्के चढ ठेवून भराभर चाला, धावायची गरज नाही. आणि जोर संपल्यासंपल्या कठड्यावर बसू नका. पायांचे स्नायू थांबले की रक्त पायांतच साठतं, रक्तदाब पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

प्रश्न : ‘चार मिनिटांत तासाभराचा व्यायाम, दिवसभर चरबी जळत राहील’ असा ताबाताचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर फिरतोय. खरं किती?

चार मिनिटं खरी, बाकीचं ग्रुपवर वाढलं.

इझुमी ताबाता यांचा अभ्यास १९९६चा. शारीरिक शिक्षणाचे तरुण विद्यार्थी, ब्रेक लावलेली सायकल, २० सेकंद जोर आणि १० सेकंद विश्रांती, सात-आठ वेळा. जोर इतका, की तो व्हीओटू मॅक्सच्या पातळीवरच्या कामाच्या १७० टक्के होता. शेवटच्या फेरीत पायडल फिरवणं अशक्य व्हावं, असा हिशेब. त्याआधी १० मिनिटांचं वॉर्म-अप होतंच. सहा आठवड्यांत या मुलांची ऑक्सिजन क्षमता वाढली आणि ऑक्सिजन अपुरा पडतानाही काम करत राहण्याची क्षमता २८ टक्क्यांनी वाढली. आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम वेगानं सायकल चालवणाऱ्या दुसऱ्या गटात ही दुसरी क्षमता वाढली नाही. अभ्यास उत्तमच आहे. पण दिवाणखान्यात सतरंजीवर वीस सेकंद जंपिंग जॅक करून त्या पातळीच्या जवळपासही जाता येत नाही.

चरबीचं म्हणाल, तर अशा चार मिनिटांत फार तर साठ-सत्तर कॅलरी जातात. नंतर काही वेळ शरीर जास्त ऑक्सिजन घेतं हे खरं, पण त्यातून होणारी भर किरकोळ असते, एका वडापावाचाही हिशेब चुकता होत नाही. वजन उतरवायचं असेल तर ताटाकडे बघा.

प्रश्न : वय ५६, सहकारनगर. मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. पर्वती भराभर चढून आल्यावर साखर मोजली, तर आधी १४२ होती ती १७८ झाली! व्यायामानं कमी व्हायला हवी ना? शिवाय उतरताना गुडघे दुखतात.

घाबरू नका, असं होतं. जोराच्या श्रमात ॲड्रिनलिन वाढतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. स्नायू ती वापरतात त्यापेक्षा सुटण्याचा वेग काही मिनिटं जास्त असतो. तास-दोन तासांनी पुन्हा मोजा, बहुधा खाली आलेली दिसेल. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद पुढे दिवसभर किंवा अधिकही सुधारलेला राहतो.

तुमच्या बाबतीत उलट बाजूकडे जास्त लक्ष हवं. ग्लिमेपिराइडमुळे साखर प्रमाणाबाहेर उतरू शकते, तीही व्यायाम होऊन काही तास गेल्यावर. निघताना ती १००च्या खाली असेल तर आधी थोडं खा. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. हात थरथरले, दरदरून घाम आला, तर तिथंच बसा आणि तीन लहान चमचे साखर घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. असं वारंवार झालं तर डोस बदलायचा का हे डॉक्टरांना विचारा, गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी ती करून घ्या. डोळ्यातल्या नाजूक, नव्यानं फुटलेल्या रक्तवाहिन्यांना वाढलेला दाब सोसत नाही. आणि घरी आल्यावर तळपाय बघा. बधिर पायाला फोड कळत नाही.

आता गुडघे. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दम लागतो, पण गुडघ्याच्या वाटीवर दाब येतो तो उतरताना. मांडीचा स्नायू ताणला जात असताना सगळं वजन तोलतो, तिथंच दुखतं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, असं एकेक पायरी करत उतरा, आधार असेल तिथं धरा. जोराचा भाग मात्र सपाटीवर करा, सारसबाग जवळच आहे. जपानमधल्या मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठात साठीच्या आसपासच्या लोकांवर याच पद्धतीचा अभ्यास झाला : ३ मिनिटं झपाझप, ३ मिनिटं सावकाश, अशा पाच जोड्या, आठवड्यातून चार दिवस. पाच महिन्यांत त्यांच्या मांड्यांची ताकद वाढली आणि रक्तदाब उतरला. धावण्याची गरज कुणालाच पडली नाही.

प्रश्न : वय २३, कर्वेनगर. नवीन जिममध्ये पहिल्याच आठवड्यात रोज हिटचा क्लास केला, शेवटच्या दिवशी दीडशे स्क्वॉट जंप. आता मांड्या सुजून दगड झाल्यात आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय. पाणी वाढवू का?

हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. या वाचकाला त्याच दिवशी दवाखान्यात जायला सांगितलं. इतरांसाठी इथे देत आहोत.

अंग आंबणं वेगळं. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि मग उतरतं, लघवीचा रंग बदलत नाही. इथे स्नायूंचे तंतू फुटलेत. त्यांतलं मायोग्लोबिन हे प्रथिन लघवीला हा रंग देतं आणि मूत्रपिंडात अडकून ते बंदही पाडू शकतं. सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी) आणि पोटॅशियम या रक्ततपासण्या तातडीनं लागतात, बऱ्याचदा सलाइनही. घरी पाणी पीत वाट बघू नये. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक तर अजिबात नको, मूत्रपिंडावर आणखी भार पडतो.

हे नवशिक्यांतच जास्त होतं, कारण धाप सोसण्याची हिंमत असते, पण स्नायूला उडी मारून खाली येतानाच्या ताणाची सवय नसते. मे महिन्याचा उकाडा, कमी पाणी, नुकताच येऊन गेलेला ताप, यांनी धोका वाढतो. पहिल्या दिवशी उड्यांचा व्यायाम एकूण वीस-पंचवीसपलीकडे नेऊ नये. पहिल्याच दिवशी पायऱ्या उतरता येणार नाहीत असा क्लास घेणं ही प्रशिक्षकाची हुशारी नव्हे.

प्रश्न : वय ६१, सिंहगड रोड. अँजिओप्लास्टी झाली आहे, मेटोप्रोलोल चालू आहे. कितीही जोर लावला तरी घड्याळात नाडी ११०च्या वर जात नाही. मग जोर कसा मोजायचा? आणि हे करावं का?

मेटोप्रोलोल नाडी दाबून धरतं, त्यामुळे वयाचं सूत्र तुम्हाला लागू नाही. गोळी चालू असतानाच स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रम करताना ईसीजी काढण्याची तपासणी, करून घ्या. त्यात तुमची खरी कमाल नाडी कळते, आणि कुठे त्रास सुरू होतो तेही. रोजच्यासाठी ६ ते २० आकड्यांची बोर्गची पट्टी वापरा : १३ म्हणजे ‘थोडं जड’, १५ म्हणजे ‘जड’, १७ म्हणजे ‘फार जड’. तुम्ही १५च्या आसपास राहा.

करावं का, हे तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ठरवायचं. माहिती म्हणून : नॉर्वेतल्या पुनर्वसन केंद्रांत ४,८४६ हृदयरुग्णांच्या व्यायामाची नोंद झाली. मध्यम व्यायामात सुमारे १,२९,००० तासांत एकदा, तर जोराच्या व्यायामात सुमारे २३,००० तासांत एकदा हृदय बंद पडलं. दोन्हीकडे धोका कमीच, पण सारखा नाही, आणि ही नोंद देखरेखीखालची आहे. म्हणून सुरुवात कार्डिॲक रिहॅबमध्ये, म्हणजे हृदयरुग्णांच्या पुनर्वसन केंद्रात करा. रविवारी आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड किती मिनिटांत चढता येतो हे बघणं म्हणजे स्ट्रेस टेस्ट नव्हे, वाटेत ईसीजी काढणारं कुणी नसतं. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात जडपणा आला, की तिथंच थांबायचं.

प्रश्न : थंडीत पहाटे करावं का?

पालापाचोळा किंवा कचरा जाळल्याचा धूर खाली दाटला असेल तर नको. जोराच्या श्वासात तोच धूर कितीतरी पट आत जातो. ऊन वर येऊ द्या, किंवा त्या दिवशी घरात करा.

प्रश्न : पावसाळ्यात टेकडीवर चिखल असतो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, उड्या मारल्या की खालचे तक्रार करतात. सूर्यनमस्कार चालतील का?

चालतील, उड्यांची गरजच नाही. मात्र एका नमस्काराला अर्धा मिनिट घेत प्रत्येक स्थितीत श्वास मोजत केले तर तो वेगळा व्यायाम, चांगला असला तरी जोराचा नव्हे. इथे एक नमस्कार १० ते १२ सेकंदांत व्हायला हवा. १ मिनिट नमस्कार, १ मिनिट खोलीत चालणं, अशा सहा फेऱ्यांपासून सुरुवात करा आणि महिन्याभरात दहावर न्या. वेग वाढला की दोन चुका होतात : कंबर लचकत खाली पडते आणि मनगटं खांद्यांच्या पुढे जातात. तसं दिसू लागलं की ती फेरी तिथंच सोडा. रक्तदाब जास्त असेल किंवा डोकं खाली गेल्यावर चक्कर येत असेल, तर त्याऐवजी तालमीतल्या साध्या बैठका घ्या, पाठ सरळ, टाचा टेकलेल्या, मिनिटाला २० ते २५. वर येताना श्वास सोडा, रोखून धरू नका. किंवा सोसायटीचा जिना आहेच : चार मजले भराभर चढा आणि लिफ्टनं खाली या, गुडघेही वाचतील.