वेगळं राहायचंय, म्हणजे आम्ही नकोसे झालो का?

"मॅडम, हल्ली सगळीकडे मी, माझं, मला. एकुलत्या एका मुलीला आम्ही नकोसे झालोय." खुर्चीत नीट टेकायच्या आतच ताईंचे डोळे भरले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी 27 वर्षांची, हिंजवडीत नोकरीला, लग्न झालेलं नाही. घर सदाशिव पेठेत. तिला वाकडला भाड्याने फ्लॅट घ्यायचा होता.

ती बेंगळुरूला गेली असती तर यांनीच पेढे वाटले असते. पंधराएक किलोमीटरवर वेगळं राहायचं, तर नातेवाइकांना सांगायला कारण सापडत नाही. हीच बोच घेऊन कितीतरी आईवडील माझ्याकडे समुपदेशनाला येतात, आणि ती खरी असते. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांचं बघून स्वतःचं केलं, त्यांना 'मला माझी स्पेस हवी' हे वाक्य थपडेसारखंच लागतं.

पुढच्या वेळी मुलगी एकटी आली. ऑफिस लांब पडतं, रोजचे दोन-अडीच तास रस्त्यात जातात, हे सगळं सांगून झालं. मग म्हणाली, "माझ्या खोलीच्या दाराला कडी नाही. दहावीत अभ्यासाच्या वेळी मी ती लावून घ्यायचे, म्हणून आईने काढून टाकली. स्क्रूची चार भोकं अजून तशीच आहेत. रोज दिसतात."

मी ताईंना कडीबद्दल विचारलं. त्या चकितच झाल्या. "दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं वाढलो, कुठली कडी आणि काय!"

"मग रडू आलं तर कुठे जायचात?"

बराच वेळ त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "न्हाणीघरात. नळ सोडून."

तो नळ मला अजून ऐकू येतो. एकटं असण्याची गरज या पिढीने नव्याने काढलेली नाही. आधीच्या पिढीतल्या बायकांना ती बोलून दाखवायची सोय नव्हती, एवढंच.

वडील निवृत्त शिक्षक, वाचणारे. ते म्हणाले, "चूल वेगळी झाली की कुटुंब मोडलं." इरावती कर्वे यांच्या एकत्र कुटुंबाच्या व्याख्येत एक छप्पर, एक चूल हे आहेच. पण समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी गुजरातमधल्या महुवा गावातल्या कुटुंबांचा अभ्यास केला, तो 1964 साली प्रसिद्ध झाला. वेगळी राहणारी घरंही देणंघेणं, कर्तव्यं, अडीनडीला धावून जाणं यांनी एकमेकांशी बांधलेली असतात, हे त्यांनी त्यात दाखवलं. हे सांगितल्यावर सर हळूच म्हणाले, "मीही गाव सोडूनच पुण्याला आलो. दर महिन्याला घरी मनीऑर्डर जायची माझी." त्यांना कुणी स्वार्थी म्हटलं नव्हतं.

मुलीचं सगळंच मला पटलं असं मात्र नाही. वडिलांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख घरच्या ग्रुपवर आली, तेव्हा तिने नुसता अंगठा टाकला आणि त्या दिवशी ऑफिसला गेली. ती स्पेस नव्हे, ती पळवाट. मरे बोवेन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने इथे मोठा फरक दाखवला आहे: नात्यात राहून स्वतःचं मत टिकवणं एक, आणि ताण नको म्हणून नात्यापासूनच लांब जाणं दुसरं. दुसऱ्या प्रकारात माणूस मोकळा होत नाही, जुनं दुखणं नव्या पत्त्यावर घेऊन जातो. हे तिला स्पष्ट सांगितलं. तिला राग आला, पण पुढच्या भेटीला ती आली.

मग आम्ही व्यवहाराचं बोललो. डोळ्यांच्या पुढच्या तपासण्यांना वडिलांना तीच नेणार. दिवसभरात चार फोन करण्याऐवजी रात्री जेवण झाल्यावर एकच, निवांत. रविवारी दुपारचं जेवण पेठेत. फ्लॅटची दुसरी किल्ली तिने आपणहून आईच्या हातात ठेवली.

शेवटच्या भेटीत ताईंनी ती पर्समधून काढून टेबलावर ठेवली. "किल्ली असली तरी बेल वाजवायची का हो?"

"हो, वाजवायची."

त्यांना ते आवडलं नाही, चेहऱ्यावर दिसलं. किल्ली परत पर्समध्ये टाकत त्या म्हणाल्या, "बरं. पण भाजणीचा डबा हातात असेल तर बेल कशी वाजवू? तिला सांगा, लवकर दार उघड म्हणावं."