ओरिजिनल बॅट 5,000 ची, तेच स्टिकर लावलेली 1,200 ला मिळते. पोरासाठी कोणती घेऊ?

भाऊ, पोरगा कोणत्या बॉलवर खेळतो ते आधी पाहा. गावच्या टुर्नामेंटमध्ये बहुतेक टेनिस बॉलच असतो. त्यासाठी 5,000 घालायची काहीच गरज नाही, साधी काश्मीर विलोची (काश्मीरमधल्या विलो झाडाच्या लाकडाची) बॅट पुरते. पण खोट्या स्टिकरचीही घेऊ नका. मेरठ-जालंधरच्या छोट्या कारखान्यांच्या, स्वतःच्या नावाने विकलेल्या बॅटी त्याच भावात मिळतात. ज्याने नावच चोरलं, तो लाकडाबद्दल खरं बोलेल कशावरून?

खरी फसवणूक लाकडातच होते. विलोच्या नावाखाली पॉपलर नावाचं दुसरंच लाकूड खपवतात. दिसायला सारखंच, पण बॉल लागला की टप्पा मरतो. दुकानात जुना लेदर बॉल घेऊन जा आणि बॅटच्या मधोमध हलकेच आपटून पाहा. बॉल टणकन उसळला पाहिजे, 'भद्द' आवाज आला तर ठेवून द्या. पुढच्या बाजूला लाकडाच्या रेषा वरून खालपर्यंत सरळ दिसायला हव्यात. समोर मोठं स्टिकर असेल तर त्याखाली गाठ असू शकते, दुकानदार काही म्हणो.

लेदर बॉलवर खेळत असेल, तालुक्या-जिल्ह्याला निवड चाचणी द्यायची असेल, तर मात्र ओरिजिनल घ्या, पक्क्या बिलासकट. आणि नवी बॅट थेट मैदानात नेऊ देऊ नका. कच्च्या जवस तेलाचा पातळ हात द्या (आपल्याकडे तेलाच्या घाण्यावर मिळतं, उकळलेलं नको), मग लाकडी हातोडीने काही दिवस कडा आणि मधला भाग हळूहळू ठोका. मुठीजवळच्या जोडाला तेल लावू नका.